शेक जोडीला, किरणं वेळेवर

पावर हाउस, भिलाई

चि. छोटीस,

परवा फोनवर तू विचारलंस आणि मी "बघून सांगतो" म्हणून फोन ठेवला. रागावू नको. असल्या गोष्टी फोनवर नीट होत नाहीत. एक कान तुझ्याकडे, दुसरा मामीच्या हाकांकडे, त्यात स्टेशनावरून मालगाडी निघाली की पलीकडचं अर्धं बोलणं ऐकूच येत नाही. म्हणून कागद घेऊन बसलोय. पत्र लांबेल. दोन बैठकीत वाच, पण वाच. वाचून झालं की आईच्या हॉस्पिटलच्या फाइलीत लावून ठेव.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो, म्हणजे जीव टांगणीला राहणार नाही. कॅन्सरवर उष्णतेचा उपचार ही थाप नाही, खरा उपचार आहे. पण तो किरणांच्या किंवा औषधांच्या जोडीने करायचा असतो. तुमच्या सोसायटीतल्या बाईंनी दिलेल्या पत्रकात "किरणं नको, केमो नको, फक्त उष्णता" असं लिहिलंय म्हणालीस ना, ते पत्रक घरात ठेवू नको. तुझ्या आईच्या, माझ्या बेबीच्या, हाती तर मुळीच लागू देऊ नको. तिला किरणांची भीती वाटते, आणि भ्यालेल्या माणसाला सोपी वाट लगेच पटते. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायलाच आपल्याकडे १९५४ च्या 'ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज' कायद्याने बंदी आहे. ज्याला हा कायदा माहीत नाही किंवा माहीत असून फिकीर नाही, त्याच्या हाती आपली बेबी द्यायची नाही.

इथे नवतपा लागलाय. सकाळी दहालाच नंदिनी रोड ओस पडतो. जवाहर मार्केटातले दुकानदार दुपारी शटर अर्धं ओढून आत झोपतात. मामी रात्रीच भात पाण्यात घालून ठेवते आणि सकाळी आम्ही छत्तीसगडी माणसासारखी बासी खातो, कांदा आणि कैरीची चटणी लावून. तुझी आई पुण्यात इतकी वर्षं राहिली तरी उन्हाळ्यात फोनवर पहिला प्रश्न हाच करते, "दादा, बासी खाल्ली का?" उपचार संपेपर्यंत तिला मात्र बासी देऊ नको, कितीही मागितली तरी. रात्रभर ठेवलेलं अन्न आता नको. ताजा मऊ भात, मुगाचं वरण, थोडं तूप. पोटावर किरणं सुरू झाली की जुलाब होतात, तेव्हा कच्ची कोशिंबीर आणि तिखटही बाजूला ठेवायचं. साखरेचं पथ्य वेगळंच, ते तिथल्या आहाराच्या बाईंना विचार.

आता नीट सांगतो. मी डॉक्टर नाही. तुला ठाऊक आहे, माझी सगळी नोकरी रेल मिलच्या भट्टीवर तापमान मोजण्यात गेली. पण नागपूरला ओळखीचे एक रेडिएशनचे डॉक्टर आहेत, त्यांना फोन करून बराच वेळ पिडलं. त्यांनी जे अभ्यास वाचायला सांगितले ते शेजारच्या पोराकडून छापून घेतले आणि पेन्सिलीने खुणा करत वाचले. मामी म्हणाली, रिटायर झालात तरी लॉगबुक सुटलं नाही तुमचं.

या उपचाराला हायपरथर्मिया म्हणतात. आपलं अंग ३७ अंशांवर असतं. गाठ असलेला भाग यंत्राने ४० ते ४३ अंशांपर्यंत तापवायचा आणि साधारण तासभर तसाच ठेवायचा. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. एवढ्याशा उष्णतेने काय होणार, असं मलाही वाटलं होतं. पण त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे. गाठीच्या आतल्या भागात रक्त नीट पोचत नाही, त्यामुळे तिथे प्राणवायू कमी असतो. किरणांनी पेशीला केलेली इजा पक्की व्हायला प्राणवायू लागतो, म्हणून नेमक्या या आतल्या पेशी किरणांना दाद देत नाहीत. उष्णतेचं उलटं आहे. प्राणवायू कमी आणि आम्लता जास्त अशा पेशींनाच ती जास्त लागते. शिवाय त्या भागात रक्त वाढतं. आणि किरणांनी पेशीच्या डीएनएला झालेली मोडतोड पेशी एरवी काही तासांत दुरुस्त करते, ती दुरुस्ती उष्णतेने काही काळ अडते. सिस्प्लॅटिनसारखं औषध दिलं असेल तर तेही पेशीत जास्त शिरतं. म्हणजे बघ, उष्णतेचं बहुतेक काम किरणांनी किंवा औषधाने केलेल्या घावावर अवलंबून आहे. घावच नसेल तर ती कशाची दुरुस्ती अडवणार?

तू लहानपणी मिल बघायला यायचा हट्ट करायचीस आणि मी कधी नेलं नाही. आमच्या भट्टीत पोलादाचा लांबलचक ठोकळा १२०० अंशांच्या वर तापवायचा, लाल-पांढरा झाला की लगेच रोलांत घालायचा. रूळ रोलांत होतो. नुसता ठोकळा दिवसभर भट्टीत ठेवला तर त्याचा रूळ होत नाही, फक्त गॅस जळतो. आणि तापवून झाल्यावर रोल बंद पडले, ठोकळा बाहेर थांबला, तर तो गार होऊन पुन्हा भट्टीत परत. उष्णता, तिचा आकडा आणि तिची वेळ, तिन्ही जुळलं तरच उपयोग. ते पत्रक वाचून दाखवलंस तेव्हा मला पहिलं हेच आठवलं. त्यात आकडा नव्हता, वेळ नव्हती आणि रोल तर नव्हतेच.

आता बेबीच्या आजाराबद्दल. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवर या उपचाराचा सगळ्यात नावाजलेला अभ्यास नेदरलँड्सचा आहे. १९९० ते १९९६ या काळात ओटीपोटातल्या वाढलेल्या कॅन्सरचे ३५८ रुग्ण त्यांनी घेतले. अर्ध्यांना नुसती किरणं, अर्ध्यांना किरणं आणि उष्णता. २००० साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. गर्भाशयमुखाच्या रुग्णांत गाठ पूर्ण विरघळण्याचं प्रमाण ५७ टक्क्यांवरून ८३ वर गेलं. तीन वर्षांनी जिवंत असलेल्या बायका २७ टक्क्यांऐवजी ५१ टक्के. बारा वर्षांनी पुन्हा मोजलं तेव्हा २० आणि ३७. आकडे वाचून मी खुर्चीतून उठलो आणि मामीला हाक मारली.

पण छोटे, नुसते चांगले आकडे दाखवून मी तुला फसवणार नाही. त्या अभ्यासातल्या बायकांना किरणांसोबत सिस्प्लॅटिन मिळालं नव्हतं. त्या काळी ती पद्धत रुळली नव्हती. १९९९ च्या सुमारास किरणांसोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन द्यायचं ठरलं आणि तेच जगभर पक्कं झालं. आपल्या टाटा मेमोरियलनेही ८५० बायकांवर तपासून २०१८ साली सांगितलं की तिसऱ्या टप्प्यात सिस्प्लॅटिन जोडल्यावर पाच वर्षांनी ५४ टक्के बायका जिवंत होत्या, नुसत्या किरणांनी ४६. म्हणजे जोडीला काय द्यायचं, या प्रश्नाचं आजचं पहिलं उत्तर सिस्प्लॅटिन आहे. सिस्प्लॅटिन आणि किरणं दोन्ही असताना वर उष्णता जोडून फायदा किती, हे जपानने १०१ बायकांवर तपासलं. गाठ पूर्ण विरघळण्याचं प्रमाण थोडं बरं दिसलं, पण आयुष्य वाढलं असं ठामपणे म्हणण्याएवढा फरक निघाला नाही. आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ११० बायकांवर केलेला अभ्यास २००५ साली आला, त्यात तर उष्णतेचा फायदाच दिसला नाही. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, ओटीपोटात खोलवर खरोखर उष्णता पोचली की नाही, यावर सगळं अवलंबून असतं. ते ऐकून मी मनात म्हटलं, हे तर आम्ही रोज भट्टीवर बघायचो.

मग बेबीच्या बाबतीत हा प्रश्न कशाला, असं वाटेल तुला. प्रश्न तिच्या मूत्रपिंडाचा आहे. साखर जुनी, क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणून डॉक्टर सिस्प्लॅटिन द्यायला कचरताहेत असं तू म्हणालीस. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडाला जड जातं, त्यांचं बरोबर आहे. तिकडे नेदरलँड्समध्ये ज्या बाईला सिस्प्लॅटिन झेपत नाही तिला किरणांच्या जोडीला उष्णता देतात. म्हणून बेबीसाठी हा विषय काढणं वेडेपणाचं नाही. पण त्याआधी डॉक्टरांना हे विचार: क्रिएटिनिन साखरेमुळे वाढलंय की गाठीने मूत्रनळी दाबली गेलीय? सोनोग्राफीत मूत्रपिंड फुगलेलं दिसलं का? दाब असेल तर नळीत स्टेंट घालून किंवा पाठीतून नळी काढून मूत्राची वाट मोकळी करतात, आणि मग पुष्कळदा क्रिएटिनिन उतरून सिस्प्लॅटिन देता येतं. ते नाहीच जमलं तर दुसरं कोणतं औषध चालेल, आणि मग उष्णता. याच क्रमाने विचार. सरळ उष्णतेवर उडी मारू नको.

आपल्याकडे हे कुणी करतच नाही असं समजू नको. मुंबईत पार्ल्याच्या नानावटी हॉस्पिटलात डॉ. नागराज हुइलगोळ यांनी हे काम वर्षानुवर्षं केलं. तोंडाच्या आणि घशाच्या वाढलेल्या कॅन्सरच्या ५६ रुग्णांवर त्यांनी किरणं आणि किरणं-उष्णता यांची तुलना केली, २०१० साली छापली. आठवड्याला एकदा ३० मिनिटं शेक. गाठ पूर्ण जाण्याचं प्रमाण ४२ टक्क्यांवरून ७८ च्या वर गेलं. तंबाखू आणि गुडाखूच्या या मुलुखात राहून हे वाचताना किती तोंडं डोळ्यांसमोर आली माझ्या. आणि आपल्या वर्ध्याजवळ, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले डॉ. निलय रंजन दत्त, त्यांनी तर या विषयावर पुष्कळ लिहिलंय. गरीब आणि मध्यम देशांत किरणांची यंत्रं कमी, रुग्ण उशिरा येणारे, अशा ठिकाणी उष्णतेचा किती उपयोग होईल, यावर त्यांचा २०२२ चा लेख आहे. सेवाग्राम म्हटल्यावर मला बरं वाटलं. तिकडून आपलीच माणसं नेहमी इकडे यायची. आमचे बाबा गोंदियाहून भिलाईला आले ते पहिली भट्टी पेटायच्या आधी, आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राजेंद्रबाबूंनी ती सुरू केली त्याची गोष्ट मरेपर्यंत सांगत राहिले. तेव्हा नागपूर-वर्ध्याकडून कितीतरी मराठी घरं इथल्या कॅम्पात उतरली. बेबीचा जन्म इथलाच.

पण म्हणून लगेच बॅगा भरू नको. तू म्हणालीस, किरणं पुण्यात घेऊ आणि शेकासाठी आठवड्याला मुंबईला नेऊ. ते जमणारं नाही. उष्णता त्याच दिवशी, किरणं दिल्यानंतर थोड्या तासांत द्यायची असते. नेदरलँड्समध्ये एक ते चार तासांत देत होते. सकाळी पुण्यात किरणं, मग एक्सप्रेसवेवर तीन-चार तास, मग रांग, मग यंत्र. तोवर त्या जोडणीतला जीव निघून जातो आणि बेबीचाही निघतो. घ्यायचीच असेल तर दोन्ही एकाच छताखाली, एकाच डॉक्टरांच्या हाताखाली. तसं ठिकाण मिळालं, तिथली किरणांची तारीख पुण्याइतकीच लवकर मिळाली, आणि हल्लीच्या डॉक्टरांनीही हो म्हटलं, तरच. यातलं एक जरी अडलं तर पुण्यातली किरणं ठरल्या दिवशी सुरू करायची आणि शेकाचा विषय मिटवायचा. शेकासाठी किरणं एक आठवडाही पुढे ढकलू नको. पैशाचंही आधीच लेखी विचार, योजनेत काय बसतं आणि काय खिशातून जाणार.

तिथे गेलीस तर काय विचारायचं तेही सांगतो. यंत्र कोणतं, ओटीपोटात खोलवर तापवणारं की वरवरच्या गाठीसाठीचं. तापमान कुठे मोजणार आणि त्याची नोंद आम्हाला दाखवणार का. ज्या ठिकाणी "मोजायची गरज नाही, यंत्र आपोआप करतं" असं म्हणतील तिथून उठून ये. ओटीपोटाच्या वेळी बारीक तारेसारखे मोजणारे प्रोब मूत्राशयात, गुदद्वारात आणि योनीत ठेवतात. बेबी लाजरी आहे, तिला हे आधी तू सांग, एकटीने, शांतपणे. ऐनवेळी टेबलावर कळलं तर ती "नको" म्हणून घरी येईल. अंगाभोवती पाण्याच्या पिशव्या लावतात, त्याने कातडी गार राहते. तास-दीड तास पडून राहायचं, घाम येतो, तोंड कोरडं पडतं, पाठ अवघडते.

इथे मला खरी काळजी आहे, छोटे. टेबलावर कुठे चटका लागला, कुठे बोचलं, दाबल्यासारखं झालं, तर रुग्णाने लगेच ओरडायचं असतं. तिच्या सांगण्यावरूनच माणसं यंत्र कमी-जास्त करतात. नाहीतर कातडीला फोड येतात, आतली चरबी भाजते. आणि तुझी आई कधीच ओरडत नाही! ती सात-आठ वर्षांची असेल, पितळेच्या पातेल्यातली उकळती पेज तिच्या पायावर सांडली. आई देवळात गेली होती. बेबीने फरशी पुसली, पाय फडक्याने गुंडाळला आणि अभ्यासाला बसली. रात्री पांघरूण घालताना आईला फोड दिसले. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? तर म्हणते, पेज वाया गेली म्हणून आई रागावली असती. तीच ही बाई. त्यात साखरेमुळे तिच्या पायांची आणि कंबरेखालची संवेदना कमी झाली आहे, चटका लागला तरी तिला उशिरा कळेल. हे दोन्ही डॉक्टरांना सांग. आणि तिला माझं नाव घेऊन सांग, दादाने बजावलंय, यावेळी ओरडायचं. मोठ्याने.

तिच्या उजव्या मांडीतला रॉड विसरू नको. सुपेला चौकात लूना घसरून ती पडली होती, तू तेव्हा बालवाडीत होतीस. रॉड आतच आहे. धातू असेल तर अशा यंत्रात तो भाग नको तेवढा तापू शकतो, म्हणून पेसमेकरवाल्यांना आणि कंबरेत-मांडीत धातू असलेल्यांना पुष्कळदा हा उपचार देतच नाहीत. रॉडमुळे "नाही" म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नको. ते "नाही" तिच्या भल्याचंच असेल, आणि किरणांना रॉडची अडचण नाही.

आणखी एक. घरी शेक द्यायचा नाही. मामीला ठाऊक असलेले सगळे उपाय मी ऐकले, एरंडाची पानं, गरम विटकर, रबराची पिशवी, आणि आता टीव्हीवर लाल दिव्याचं पांघरूणही विकतात. ओटीपोटात चार बोटं आत असलेल्या गाठीपर्यंत त्यातलं काही पोचत नाही. उलट किरणांनी कातडी नाजूक झालेली असते, तिथे गरम पिशवी ठेवली तर जखम होईल आणि जखमेमुळे किरणं थांबतील. त्या जागेवर गरम नको, बर्फ नको, तेल-हळदही विचारल्याशिवाय नको.

लोक तुला आणखी दोन नावं सांगतील, त्यात गोंधळू नको. एक, सुई घालून गाठ ६० अंशांच्या वर जाळतात, ती यकृतातल्या वगैरे लहान गाठींसाठी. दुसरं, ऑपरेशनच्या वेळी पोट गरम औषधाने धुतात, त्याला हायपेक म्हणतात. अंडाशयाच्या कॅन्सरच्या २४५ बायकांवर त्याचा अभ्यास २०१८ साली आला, सरासरी आयुष्य जवळपास ३४ महिन्यांवरून ४६ पर्यंत गेलं. तिथेही बघ, उष्णतेसोबत औषध आणि ऑपरेशन दोन्ही होतंच. पण बेबीच्या आजाराचा याच्याशी संबंध नाही. कुणी "अमक्याच्या बायकोला हायपेकने गुण आला" म्हणालं तर हो म्हणून ऐकून घे.

तुझ्या सासऱ्यांनी फोनवर मला सांगितलं, पूर्वी ताप आला की गाठी जायच्या म्हणे. अगदीच खोटं नाही ते. १८६६ साली जर्मनीत बुश नावाच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय, विसर्पाचा जोरदार ताप आल्यावर एका रुग्णाच्या चेहऱ्यावरची गाठ नाहीशी झाली. पुढे न्यूयॉर्कच्या कोलींनी मुद्दाम ताप आणून पाहिला. १८९८ साली स्वीडनमध्ये वेस्टरमार्कनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला गरम पाण्याच्या नळीने शेक दिला. या सगळ्याचं आज एवढंच घ्यायचं की कल्पना जुनी आहे. आईला ताप आला तर "बरंच झालं, गाठ जळतेय" असं घरात कुणालाही म्हणू देऊ नको. औषध चालू असताना ३८ च्या वर ताप म्हणजे त्याच दिवशी हॉस्पिटल, रात्र असली तरी. थर्मामीटर उशाशी ठेव.

आता जे शेवटी लिहितोय तेच पहिलं समज. बाहेरून पंचवीस वेळा किरणं, मग आतून किरणं, हे सगळं आठ आठवड्यांच्या आत संपलं पाहिजे. मध्ये खंड पडला तर गाठ पुन्हा वाढायला वेळ मिळतो. पाहुणे, लग्न, एकादशी, पाऊस, कशासाठीही खाडा नको. यंत्र बंद पडलं तर बदली दिवस त्याच वेळी मागून घे. आणि आतली किरणं चुकवायची नाहीत. बाहेरची संपली की बायकांना बरं वाटतं, रक्त थांबतं, आणि आतल्या उपचाराच्या भीतीने त्या घरी बसतात. बरा होणारा आजार अशाने हातचा जातो. बेबीही तसंच म्हणेल, "आता बरी आहे गं मी." तेव्हा ऐकू नको तिचं. दर आठवड्याला हिमोग्लोबिन बघ, दहाच्या खाली गेलं तर विचार, रक्त चढवायचं का. साखर रोज लिहून ठेव.

आणि तू वेळेवर जेव. जावईबापू ऑफिस सांभाळून गाडी चालवतात, त्यांनाही रोज दटावू नको. मामी पुढच्या महिन्यात तुमच्याकडे येते म्हणते, स्वयंपाकाचं तिच्यावर टाक. मी पोथीसारखं हे पत्र पुन्हा पुन्हा वाच म्हणत नाही, पण डॉक्टरांकडे जाताना एकदा नजर फिरव. शेक मिळाला तर जोडीला घ्या, नाही मिळाला तर हळहळू नका. किरणं मात्र ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी.

इकडे सगळे बरे. गणपतीच्या वर्गणीवरून मंडळात आत्तापासून वाद सुरू झालेत, म्हणजे सगळं नेहमीसारखं आहे. बेबीला म्हणावं, यंदा आरतीला तिचा आवाज नसेल तर मी जाणार नाही. उपचार तोवर संपतील असा हिशेब मी घातलाय.

पहिली किरणं कधी, ते कळव.

तुझा,
मामा

ता. क. बेबीच्या रॉडच्या ऑपरेशनचा जुना कागद ट्रंकेत सापडला. रॉड कोणत्या धातूचा ते त्यावर लिहिलंय. एक्स-रेसकट उद्या स्पीड पोस्टाने पाठवतो. पोचल्याबरोबर डॉक्टरांना दाखव, झेरॉक्स काढून मूळ कागद आपल्याकडे ठेव.